लोकबोधची उजळणी

गौलीगुड्याच्या लोकबोध मंडळात दर डिसेंबरात व्याख्यानमाला असते. तिच्या पहिल्या दिवशी, पाहुण्या वक्त्याच्या आधी, मंडळाचा इतिहास तोंडपाठ सांगायची रीत आहे. तिला उजळणी म्हणतात. हातात कागद घ्यायचा नाही. निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर परवानगी काढावी लागे, म्हणून जुन्या लोकांनी काही लिहून ठेवलंच नाही, सगळं डोक्यात ठेवलं, असं मंडळात सांगतात. राज्य गेलं, परवानगी गेली, रीत राहिली. सगळ्यात ज्येष्ठ सभासद उभं राहून स्थापनेपासूनचं सगळं सांगतो आणि शेवटी सभेला विचारतो, "काही राहिलं का?" सभा एका सुरात म्हणते, "काही राहिलं नाही!" मग टाळ्या, मग चहा, मग वक्ता.

राहिलं होतं. माझ्या बाबांचं नाव राहिलं होतं, आणि ते दर वर्षी राहत होतं. मला त्या एका सुराची चीड होती.

गोष्ट नव्वद सालच्या डिसेंबरातली. मी पाळण्यात होते, त्यामुळे मला आठवत नाही, पण बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की आठवल्यासारखीच वाटते. शहरात दंगल झाली, कर्फ्यू लागला, मंडळाला कुलूप पडलं. आणि औरंगाबादहून निघालेले प्राध्यापक तर गाडीत बसलेले. त्यांना थांबवणार कसं? मोबाइल होता कुठे? लोकबोधची माला रझाकारांच्या वेळीसुद्धा खंडली नव्हती, ती आता खंडणार म्हणून सगळे हवालदिल. तेव्हा माझे बाबा, देवराव, काचीगुडा स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर होते. त्यांनी स्टेशनातूनच मंडळातल्या नरहरराव वकिलांना फोन लावला आणि सांगितलं, "माझ्या क्वार्टरवर या. पाव्हणे गाडीतून उतरले की मी घेतो त्यांना."

कर्फ्यूला ढील मिळाली तेवढ्यात मोजकी माणसं आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोचली. दार लावून अजिंठ्याच्या लेण्यांवरचं व्याख्यान सुरू झालं. अर्ध्यात पोलीस आला. जमाव करायला बंदी होती, सगळे आत गेले असते, बाबांची नोकरी गेली असती. बाबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "साब, बच्ची का नाम रखना है. घर के ही लोगां हैं." पोलिसानं पाळण्यात डोकावून पाहिलं, मी जोरात रडले म्हणे, आणि तो गेला. व्याख्यान पुरं झालं. माला अखंड राहिली.

बाबा ही गोष्ट फार छान सांगायचे. पोलिसाचा आवाज वेगळा, स्वतःचा वेगळा. आम्हा पोरांना हसू आवरायचं नाही. आईला मात्र नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं आणि ती उठून जायची. तिला असल्या गोष्टींत रस नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि उजळणीत हे सगळं कसं यायचं? "नव्वद साली कर्फ्यूतही एका सभासदाच्या घरी व्याख्यान झाले." एवढंच. एका सभासदाच्या घरी! मंडळ स्थापणाऱ्यांची नावं, मंडळाला पंखे देणाऱ्यांची नावं, सतरंज्या देणाऱ्यांची नावं, सगळी ओळीनं यायची. ज्यानं माला वाचवली तो एक सभासद. आणि लोकांनी त्या सभासदाला मनानंच नाव देऊन टाकलं होतं. वकिलांचं घर मोठं, बरकतपुऱ्यात, ओळखी वरपर्यंत, म्हणजे व्याख्यान नरहररावांकडेच झालं असणार. काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, जय भीमवाल्यांच्या घरी, कोण कशाला जाईल?

मी दर वर्षी चडफडत घरी यायचे आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. या वर्षी तसं म्हणायची सोय उरली नाही. मंडळाच्या सेक्रेटरी हर्षदाताईंचा मेसेज आला: यंदाच्या उजळणीचं व्हिडिओ शूटिंग होणार, आणि पुढच्या वर्षापासून तेच पडद्यावर दाखवणार. म्हणजे यंदा जे बोललं जाईल तेच कायमचं. यंदा बाबांचं नाव आलं नाही तर ते कधीच येणार नाही. मेसेज वाचल्यावर माझं ऑफिसात लक्ष लागेना. पगारपत्रकात एकाचा भत्ता दुसऱ्याला लावला आणि साहेबाची बोलणी खाल्ली. दिवसभर उठून पाणी प्यायला जात होते आणि तहान कशाला लागलीय ते कळत नव्हतं.

शेवटी उजळणीच्या आधीच्या रविवारी मी बरकतपुऱ्याला गेले. उजळणी आधी नरहररावच सांगायचे; ते जाऊन तीन वर्षं झाली. आता सगळ्यात ज्येष्ठ म्हणून उजळणी सांगतात त्यांच्या पत्नी, इंदुमतीकाकू. त्याच हर्षदाताईंच्या सासूबाई.

काकू बाल्कनीत उजळणीच घोकत बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसले, उठले, कठड्याशी गेले, परत बसले.

"अगं, एका जागी बैस की," काकू म्हणाल्या. "माझी सनावळी चुकायला लागलीय तुझ्यामुळे."

"काकू, नव्वद सालचं व्याख्यान कुणाच्या घरी झालं?"

काकूंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या.

"तुमच्या," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथे."

मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. त्या इतक्या सरळ कबूल होतील असं वाटलंच नव्हतं. मला दुप्पट राग आला.

"मग म्हणत का नाही तसं?"

"पहिल्या वर्षी ह्यांनी मुद्दाम नाव घेतलं नाही. बंदी असताना सरकारी क्वार्टरमध्ये सभा भरवली, हे चारचौघांत कशाला बोलायचं? देवरावांच्या नोकरीवर आलं असतं. दुसऱ्या वर्षी सवयीनं तसंच म्हटलं गेलं. आणि नंतर..." काकू थांबल्या. "नंतर लोक आमच्याकडे येऊन विचारायला लागले, वकीलसाहेब, ती कोणती खोली? हे हसायचे नुसते. ना हो, ना नाही. एकदा तर कुणी नागपूरचे आले होते, त्यांनी आमच्या दिवाणखान्याचा फोटो काढला. मी त्यांना पोहे दिले."

"पोहे दिले!"

"मग काय करू? ह्यांना घरच्या पाहुण्यांसमोर खोटं पाडू?"

"आता तर ते नाहीत. आता म्हणा ना. एकच वाक्य आहे, काकू. देवरावांच्या घरी. एवढंच."

काकू दिवाणखान्याकडे बघत राहिल्या. तिथे नरहररावांचा फोटो आहे आणि तसाच एक मंडळाच्या सभागृहातही आहे, बरोबर व्यासपीठाच्या वर. "त्या फोटोखाली उभं राहून मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "मी शेवटी विचारते की नाही, काही राहिलं का म्हणून? तेव्हा तू ऊठ. मी आडवं येणार नाही."

दारात हर्षदाताई येऊन उभ्या होत्या. "स्वप्ना, ऊठ हवं तर, पण आटोपशीर हां. शूटिंगवाल्याला पुढे लग्न आहे," त्या म्हणाल्या.

मी चपला घालत होते तेव्हा काकूंनी आतून हाक मारली, "आणि विमलाबाईंना विचार एकदा."

"आईला काय विचारायचं? तिला मंडळाचं काही देणंघेणं नाही," मी म्हणाले आणि निघाले. खरंच तसं होतं. आई त्या सभागृहाची पायरी कधी चढली नव्हती.

घरी, नल्लकुंट्याला, मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं खूश होतील. ते वर्तमानपत्र उलटंपालटं करत राहिले.

"राहू दे ना, बेटा," ते म्हणाले. "इतकी वर्षं गेली. कायकू उगाच परेशान व्हायलीस?"

"उगाच? बाबा, तुमचं नाव पुसलंय त्यांनी."

"नाव काय चाटायचं आहे का? नक्को म्हणलं ना."

ही बाबांची सवय. स्वतःचं मोठेपण स्वतःच्या तोंडानं सांगायचं नाही. घरात पोरांपुढे सांगतील, बाहेर गप्प. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांच्या भिडस्तपणाची कीवही आली. मी म्हटलं, तुम्ही नका बोलू, मी बोलते, लेक कशाला आहे मग?

आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मीबी येते."

बाबा आणि मी दोघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"तू काय करणार तिथं?" बाबा म्हणाले. "दोन-दोन घंटे बसावं लागते. तुझे गुडघे."

"बसंन की. घरी तरी काय नाचायले का मी?"

बाबांनी त्या रात्री नीट जेवण केलं नाही. मी समजले, त्यांना सभेचं टेन्शन आलंय.

उजळणीच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. ऑटोत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. कोठीच्या सिग्नलला ऑटो अडकला तेव्हा तर उतरून चालत जावं असं वाटलं. आईनं पांढरी साडी नेसली होती, जयंतीला नेसते ती, आणि ती बाहेरची दुकानं बघत होती. बाबा ऑटोवाल्याशी तेलुगूत गप्पा मारत होते, नको इतक्या.

सभागृह वरच्या मजल्यावर आहे. आई एकेक पायरी धरून चढली. दारात हर्षदाताईंनी तिला वाकून नमस्कार केला, ते मला आवडलं. आम्ही मधल्या ओळीत बसलो, मी कडेला, मग आई, मग बाबा. पुढे व्हिडिओवाला तिवई लावून उभा होता. खुर्च्या निम्म्याच्या वर भरलेल्या, बहुतेक पांढरी डोकी, आणि मागे कुणाची तरी कॉलेजातली नातवंडं मोबाइलमध्ये. त्यांना यातलं मराठी अर्धंमुर्धंच कळत असेल.

इंदुमतीकाकू उभ्या राहिल्या. आवाज बारीक झालाय, पण एक सन चुकत नाही. मंडळाची पहिली बैठक, पहिलं व्याख्यान, परवानगी नाकारली ते वर्ष, सत्यनारायणाची पूजा सांगून भरवलेली सभा, मग पोलीस ॲक्शन, मग भाषावार प्रांत झाले तेव्हा मंडळ सोडून गेलेली माणसं. लोक आवडीच्या जागी माना डोलवत होते. मी पायाची बोटं आवळत होते, सोडत होते. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला.

सत्तर. ऐंशी. पंखे. सतरंज्या. मग काकू म्हणाल्या, "नव्वद साली शहरात कर्फ्यू असताना..." आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की लोकांना वाटलं विसरल्या. पुढच्या ओळीतल्या एका आजोबांनी मदत म्हणून मोठ्यानं सांगितलं, "एका सभासदाच्या घरी!"

"एका सभासदाच्या घरी," काकू म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

नंतरचं मी काही ऐकलं नाही. एकदम तो प्रश्न आला.

"काही राहिलं का?"

"काही राहिलं नाही!" सभा गरजली. आणि त्यात, आईच्या पलीकडून, बाबांचाही आवाज होता. खणखणीत. दर वर्षी असतो. बाकीच्यांबरोबर ते स्वतःच स्वतःला पुसून टाकतात, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट मी उठले.

"राहिलंय," मी म्हणाले.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. हर्षदाताईंनी माझ्या हातात माइक दिला. मी सगळं बोलले. एक सभासद कोण ते सांगितलं. देवराव, काचीगुडा स्टेशनचे बुकिंग क्लार्क, त्यांनी फोन केला, त्यांनी पाहुण्यांना उतरवून घेतलं, त्यांनी आपल्या घराचं दार उघडलं, नोकरी जाईल याची पर्वा केली नाही. पोलिसाचा किस्सा सांगितला, बाबांसारखाच, आवाज बदलून. "साब, बच्ची का नाम रखना है" म्हटल्यावर सभा हसली. शेवटी मी म्हणाले, "पंख्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. या माणसाचं नाव पस्तीस वर्षं तुम्हाला घ्यावंसं वाटलं नाही. का, ते मी बोलत नाही, तुम्ही आपापल्या मनाला विचारा."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ते पुढच्या ओळीतले आजोबा उभे राहिले आणि बाबांकडे वळून हात जोडले. मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले. बाबांकडे पाहिलं. ते हात जोडायचे सोडून खुर्चीत खाली खाली सरकत होते.

"खाली बस, स्वप्ना," आई म्हणाली आणि स्वतः उठली. माझ्या हातातला माइक तिनं काढून घेतला नाही, नुसता माझा हात धरून तोंडाशी आणला.

"हे घरी नव्हते," ती म्हणाली.

माइकमुळे ते सगळ्या सभागृहात ऐकू गेलं.

"फोन ह्यांनीच केल्ता. पाव्हण्याला उतरवूनबी ह्यांनीच घेतलं. मग हमालासंगं घरी धाडलं. दुसरा क्लार्क कर्फ्यूमुळं आलाच नाही, म्हणून हे खिडकीवरच अडकले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मला काहीच सांगावा नव्हता. दार वाजलं तर दारात परका माणूस, हातात ब्याग, म्हणतो व्याख्यान इथंच आहे ना? मी म्हणलं, या."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

"पोलीस आला तवा हे मंडळवाले सगळे आतल्या खोलीत गेले," आई व्यासपीठाकडे बोट करून म्हणाली. तिथे नरहररावांचा फोटो होता आणि खाली काकू उभ्या होत्या. "वकीलसाहेबबी गेले. दारात मी होते. नाव ठेवायचं मी म्हणलं. पोरगी रडली नाही, मी तिला चिमटा काढला, मग रडली."

"खरं आहे," इंदुमतीकाकू म्हणाल्या. त्यांच्यापुढे माइक होता तरी ते जेमतेम ऐकू आलं. "मी आतल्या खोलीत होते. दाराच्या फटीतून बघत होते."

पस्तीस वर्षं म्हणून मी ज्यांना झाडलं होतं ते माझ्याकडे बघत होते. ती पस्तीस वर्षं मी ज्या बाईच्या हातचं जेवत होते तिला एकदाही विचारलं नव्हतं. काकूंनी सांगूनही विचारलं नव्हतं. बाबांचा राग आला, पण तो काढायला तरी मला तोंड कुठे होतं?

"आई," मी म्हणाले, "तू कधी बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "घरात हे सांगायचे, तुम्ही हसायचे. बाहेर वकीलसाहेबांचं म्हणायचे. मी कामून मधी पडू? पर इथं दर साली विचारतेत म्हणून ऐकलं होतं. आणि यंदा शेवटचं विचारणार म्हणे. म्हणून आले."

व्हिडिओवाल्यानं हर्षदाताईंकडे बघून बंद करू का अशी खूण केली. हर्षदाताईंनी जोरात मान हलवली, नाही.

काकूंनी व्यासपीठावरचा माइक दोन्ही हातांनी धरला. त्यांना ओळ पाठ होती, तरी अडखळल्या. "विमलाबाई," त्या म्हणाल्या, "काही राहिलं का?"

सभेतून या वेळी कुणी उत्तर दिलं नाही. बाबांनी पाय बाजूला घेऊन आईला वाट करून दिली, पण तिला त्या बाजूनं जायचंच नव्हतं. ती माझ्या बाजूनं निघाली, गुडघ्यावर हात ठेवून, खुर्च्या धरत, आणि पुढे पोचल्यावर सभेकडे तोंड करून उभी राहिली.

"राहिलंय," ती म्हणाली. "बसा. माझं अजून सुरूच झालं नाही."